ती बर्डीला स्वतःची मेट्रो सोडून देते, म्हणजे तिला मी आवडतो का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या आयटी पार्कमधल्या एकाच ऑफिसात तुम्ही दोघं दीड वर्षापासून आहात. ती डब्यातलं तुला देते, भर दुपारी तुझ्यासोबत टपरीवर चहाला येते, संध्याकाळी मेट्रोनं बर्डीपर्यंत, म्हणजे गाडी बदलायच्या सीताबर्डी स्टेशनपर्यंत, सोबत असते आणि तिथं बोलता बोलता जयप्रकाश नगरकडं जाणारी स्वतःची गाडी कधी कधी सोडूनही देते. मित्र म्हणतात, भाऊ, सिग्नल क्लिअर आहे. येत्या शुक्रवारी तिचा वाढदिवस आहे आणि फुटाळा तलावावर सगळ्यांसमोर प्रपोज करायचं तुझ्या मनात आहे. मी तुझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी आहे, म्हणून 'तू'च म्हणते.

फुटाळ्याचा बेत आधी रद्द कर.

मी पंचवीस-सव्वीसची असताना आमच्या सेक्शनचे सहा जण एकाच टेबलावर जेवायचो. त्यातल्या एकाशी माझं चांगलं जमायचं. त्याच्या डब्यात पाटोडीची भाजी असली की मी हक्कानं वाटी पुढं करायची. माझ्या वाढदिवसाला केक कापला आणि त्यानं सगळ्यांसमोर गुलाब पुढं केला. टाळ्या वाजल्या, दोघातिघांनी मोबाईल वर धरले. मी हसले. नाही म्हणायला तिथं जागाच नव्हती, म्हणून हसले. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला बोलावून नाही सांगितलं, तर तो म्हणाला, "मग काल हसली काऊन?" आणि सेक्शनमधल्या बाकीच्यांनाही तोच प्रश्न पडला होता. पुढचे कित्येक महिने मी माझ्या जागेवर एकटीनं जेवले. तो वाईट मुलगा नव्हता. त्यानं विचारलं याचा मला त्रास झाला नाही, कसं विचारलं याचा झाला.

आता तुझ्या खुणांकडं येऊ. डबा मी मोजणार नाही. आपल्याकडं डबा उघडला की शेजारच्याला 'घे नं' म्हटल्याशिवाय घास उतरत नाही. हसून बोलणंही मोजणार नाही. अँटोनिया ॲबी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका अनोळखी बाई-पुरुषाला पाच मिनिटं बोलायला बसवलं आणि दुसऱ्या एका बाई-पुरुषाला ते लपून पाहायला लावलं. अशा अनेक जोड्यांमधून दिसलं ते हे, की बाईच्या ज्या वागण्यात बायकांना मोकळेपणा दिसतो, त्यातच पुरुषांना आकर्षण जास्त दिसतं. माझ्या त्या सहकाऱ्याचंही तेच झालं होतं.

पण मेट्रो मात्र मी मोजेन. बर्डीला गाडी बदलायची असते, पाय घराकडं ओढत असतात, घरी कोणी वाट पाहत असतं. तशात समोर आलेली गाडी जाऊ देणं म्हणजे तिनं तुला स्वतःचा वेळ दिला, आणि तोही तू न मागता. मे महिन्यात दुपारी दोनला, ४५ अंशांत, एसी सोडून टपरीवर येणंही तसंच. फक्त एक बघ, दुसरं कोणी चहाला बोलावलं तरी ती अशीच उठते का? कोणाचीही एखादी सवय एकटी पाहून काही कळत नाही, ती व्यक्ती बाकीच्यांशी कशी वागते त्याच्याशेजारी ठेवून पाहावी लागते. तू दोन दिवस सुट्टीवर असलास तर पहिला मेसेज कोणाचा येतो? तू सहज बोललेली गोष्ट, आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हण किंवा भावाचा निकाल, ती आठवणीनं विचारते का? भेटायचं ठरवताना कधी ती स्वतः दिवस सुचवते का?

आणि उलट्या खुणाही तितक्याच प्रामाणिकपणे बघ. दरवेळी 'बघू', 'जमलं तर'. दोघांनीच जायचं म्हटलं की मैत्रिणीला सोबत आणणं. घरचा विषय निघाला की बोलणं बदलणं. 'दादा' म्हणत असेल तर बहुतेक तेच उत्तर समज. 'भाऊ'चं मात्र काही खरं नाही, नागपुरात ते ऑटोवाल्यापासून बॉसपर्यंत सगळ्यांना लागतं.

मी दुसऱ्या बाजूलाही राहिलेली आहे, म्हणून तुझी घालमेल समजते. धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षांची तयारी करताना शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा मला फार आवडायचा. माझ्याजवळ असलेल्या नोट्स मी त्याच्याकडून पुन्हा मागायची. घरी सांबारवडी झाली की दोन जास्तीच्या न्यायची. तो नऊला निघायचा म्हणून मीही नऊलाच पुस्तकं आवरायची. वर्षभर चाललं हे. मग त्याला पुण्याला नोकरी लागली, तो गेला. खूप वर्षांनी एका ओळखीच्या लग्नात त्याची बहीण भेटली, तिच्याकडून कळलं की त्यालाही मी आवडायची, पण 'ती सगळ्यांशीच तशी बोलते' असं त्याला वाटायचं. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढं कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१४ चा अभ्यास वाचला. अनोळखी मुलामुलींच्या ५२ जोड्या काही मिनिटं बोलल्या आणि मग प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, तू फ्लर्ट केलंस का, समोरच्यानं केलं का? समोरचा खरोखर फ्लर्ट करत होता तेव्हा ते फक्त ३६ टक्के मुलांना आणि १८ टक्के मुलींना ओळखता आलं. करत नव्हता तेव्हा मात्र ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी बरोबर ओळखलं. म्हणजे खुणा ओळखण्यात आपण सगळेच कच्चे आहोत. तू आणखी सहा महिने खुणा जमवल्यास तरी तुझ्या हाती अंदाजच राहील.

म्हणून विचार. पण त्याआधी एक गोष्ट तपास: ती तुझ्या हाताखाली काम करते का? तिची रजा, तिचं अप्रेझल तुझ्या सहीनं होत असेल तर नको. तुला नाही म्हणणं तिला परवडणार नाही, आणि मग तिच्या 'हो'वरही तुला भरवसा ठेवता येणार नाही. तसं नसेल तर वाढदिवस जाऊ दे. पुढच्या एखाद्या शनिवारी दुपारी शंकर नगरला किंवा धरमपेठेत कॉफीला बोलाव, जिथून ती तिला वाटेल तेव्हा स्वतःची स्वतः उठून जाऊ शकेल. मित्राकरवी निरोप नको, रात्री बारा वाजता व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज नको. साधं बोल: "मला तू आवडते, मैत्रीण म्हणून आवडते त्याच्याही पुढं. तुला तसं वाटत नसेल तर बिनधास्त सांग, ऑफिसात मी आहे तसाच राहीन." आणि मग गप्प बस. त्या शांततेत तुला घाबरायला होईल, तरी बोलून ती भरून काढू नको.

ती 'विचार करून सांगते' म्हणाली तर रोज विचारू नको. नाही म्हणाली तर कारण मागू नको. नकार स्पष्ट मिळाल्यावर पुन्हा पुन्हा मेसेज करणं, मागं मागं जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणं गुन्हा आहे. तू असा नाहीस हे तुझ्या प्रश्नावरून दिसतं, पण 'ट्राय मारत राहा' म्हणणारे मित्र तुझ्याजवळ आहेत, म्हणून सांगून ठेवते. काही दिवस चहाला बोलावणं तिच्यावर सोड. ती आली तर पूर्वीसारखाच जा. दुखेल तुला. बर्डीला एकट्यानं प्रजापती नगरच्या गाडीत चढताना तर जास्तच.

शुक्रवारी सगळ्यांसोबत तिला संत्रा बर्फी दे, आनंदानं केक खा. शनिवारचं काय झालं ते मात्र इथं नक्की लिही, मी वाट पाहीन.