‘पीडिता’, ‘बळी’ की ‘वाचलेली’?

प्रश्न असा आहे: युद्धाच्या बातम्या आणि जेंडर या विषयावर पीएचडी चालू आहे, युद्धात लैंगिक हिंसा सोसलेल्या बाईला इंग्रजीत ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात, तर मराठीत काय लिहू, ‘पीडिता’, ‘बळी’ की ‘वाचलेली’?

‘बळी’ आधी बाजूला काढा. ‘गोळीबारात तीन बळी’ म्हटलं की तीन माणसं गेली, आणि ‘बळी पडली’ म्हटलं तर पडण्याचं काम परत तिच्याकडेच.

‘वाचलेली’ची अडचण वेगळीये. भूकंपातून वाचली, बॉम्बहल्ल्यातून वाचली हे बरोबर, कारण तिथे जीव जाणार होता आणि गेला नाही. पण ‘बलात्कारातून वाचली’ असं मोठ्याने म्हणून बघा, मराठी कानाला ऐकू येतं की बलात्कार झालाच नाही, कोणीतरी वेळेवर धावून आलं. म्हणजे शब्दाला शब्द ठेवायला गेलो आणि घडलेला गुन्हाच पुसला गेला, हे मला फार गंभीर वाटतं.

‘पीडिता’ चूक नाही, पण ‘पीडित’ मराठीत बाई-पुरुष दोघांना चालतं, हे आकारान्त रूप संस्कृतातलं, आणि बातम्यांत ते आता याच एका गुन्ह्याला चिकटलंय. बोस्नियाच्या युद्धात छावण्यांमधे पुरुषांवरही लैंगिक अत्याचार झाले, ते या शब्दात बसतच नाहीत.

गौरवाचा शब्द शोधावा असंही वाटेल. 1971 च्या युद्धानंतर बांगलादेशात अशा बायकांना सरकारने ‘वीरांगना’ म्हटलं, हेतू चांगला होता, पण लोकांच्या तोंडी त्याच शब्दाचा डाग झाला. आणि मराठीत वीरांगना म्हणजे लढणारी, त्यामुळे आपल्याकडे अर्थच बदलतो.

मी तरी ‘सर्व्हायव्हर’ देवनागरीत तसाच ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगेन. बातमीत मात्र ती त्या वेळी काय करतेय ते लिहावं. बोस्नियातल्या फोचा या गावात युद्धात झालेल्या बलात्कारांच्या खटल्यात, ज्याचा निकाल 2001 मधे हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात लागला, ते सोसलेल्या बायका कोर्टात उभ्या राहून बोलल्या, तिथे त्यांना ‘साक्षीदार’ म्हणणंच योग्य.

अजून एक, बातम्यांचं कोडिंग (म्हणजे त्यातल्या शब्दांची ठरावीक गटांत नोंद) करताना नुसती नामं मोजू नका, क्रियापदही बघा. ‘तिच्यावर बलात्कार झाला’ आणि ‘सैनिकांनी तिच्यावर बलात्कार केला’, यातल्या पहिल्या वाक्यात करणारा कुठेच नाहीये.