इंदूरजवळ शेती घ्यायची आहे. जनगणनेच्या तक्त्यात गावाची लोकसंख्या बरी दिसते, पण बस ‘५ ते १० किमी’ असं लिहिलंय. रोज जाणं-येणं जमेल का?

२०११ च्या आकड्यांवर सौदा करायला निघालात म्हणून लिहिते. त्या जनगणनेत मी प्रगणक होते. देपालपूर तहसिलीतल्या एका गावात शिक्षिका होते, आणि गाव मोजायचं काम शेवटी मास्तरांच्याच गळ्यात पडतं.

‘५ ते १० किमी’ म्हणजे गावात बस येत नाही, जवळात जवळची तेवढ्या अंतरावर मिळते. ती कितीदा येते, संध्याकाळी परत मिळते का, हे त्या तक्त्यात शोधू नका.

आता लोकसंख्या. ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत जो घरी राहिला तो त्या गावचा, पूर्ण काळ बाहेर असला तर जिथे असेल तिथला. मी वही घेऊन फिरत होते, तर एका गल्लीत ओळीनं कुलपं. एका कुलपावर दुधाची रिकामी थैली गुंडाळून वर सुतळी बांधलेली, गंज चढू नये म्हणून. समोरची बाई म्हणाली, “सब पीथमपुर में हैं, मैडम.” कारखान्यांत कामाला, तिथंच खोली करून. घर इथं, मतदान इथं, माणूस मोजला गेला तिथं.

का गेले? पाळी सुटायची तेव्हा शेवटची बस निघून गेलेली असायची. आणि फाट्यावर उतरलं तरी पुढे माळव्याची काळी माती. पावसाळ्यात चप्पल हातात धरून चालायचं, नाल्याला पाणी असलं की थांबायचं.

आमचे थोरले दीर बसमालक. त्यांच्या परमिटात आमच्या शाळेच्या गावाचं नाव होतं, पण गाडी फाट्यावरूनच वळायची. मी घरात विषय काढला की एकच उत्तर, “सवारीच नाही, डिझेल काय मी खिशातून टाकू?” सवारी होती, भाऊजी. ती कुलूप लावून गेली. २००५ मध्ये सरकारनं राज्याचं परिवहन महामंडळ गुंडाळायला घेतलं, तेव्हापासून गावाकडची बस म्हणजे मालकाची मर्जी.

रस्ता मात्र लोकसंख्येवर मिळतो. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत (२०००) सपाटीच्या भागात ५०० लोकसंख्येची अट होती, आदिवासी भागात २५०, आणि मोजणी २००१ ची. त्यातही बारमाही रस्ता ५०० मीटरच्या आत असला की वस्ती जोडलेली धरतात. तुम्ही घेताय ती जमीन गावठाणाजवळ आहे की एखाद्या मजऱ्या-टोल्यावर, म्हणजे गावापासून सुट्या वाडीवर, हे आधी बघा. तक्त्यात अख्ख्या महसुली गावाचा एकच आकडा असतो.

आमच्याकडे डांबर आलं तेव्हा भाऊजी म्हणाले, आता तर घरोघरी मोटरसायकल, बस कशाला? मोटरसायकल पुरुष घेऊन जातो. आठवीनंतर मुलींचं काय? सरकार नववीला सायकल देतं, पण अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं मुलीला सायकलवर पाठवणारे आईबाप मला तरी फार भेटले नाहीत.

तुमच्यासाठी सांगायचं तर श्रावणात जा, कामाच्या दिवशी. फाट्यावरच्या चहावाल्याला परतीची शेवटची गाडी विचारा, आणि ती येईपर्यंत तिथंच बसा. पटवारी आणि दलाल, दोघांचं सांगणं त्यानंतर ऐका.

स्वतःची कार असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही; तुमच्या राखणदाराला आणि मजुरांना आहे. शिवाय मी देपालपूरकडचं बोलतेय, महूकडे घाटातली गावं वेगळी. नवी मोजणी २०२७ ची आहे, तोवर हा आकडा शिळाच.

भाऊजींनी बस कधीच विकल्या. आता पुतण्या त्याच फाट्यावरून गावात मॅजिक, म्हणजे छोटी सवारी गाडी, नेतो, दाराला लटकून माणसं येतात. भाऊजींना विचारलं तर म्हणतात, तो जमाना वेगळा होता.