पी ०.०५८ आला, आता ‘फरक आढळला नाही’ लिहायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : परीक्षेच्या ताणाच्या प्रश्नावलीवर श्वसनाचा सराव केलेल्या ३० विद्यार्थ्यांची सरासरी ४२ आली, न केलेल्या ३० जणांची ४६. प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) दोन्हीकडे ८. पी, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.०५८, नेहमीच्या ०.०५ च्या मर्यादेच्या किंचित वर. दुसऱ्या एका अभ्यासात, त्याच प्रश्नावलीवर आणि तेवढ्याच प्रमाण विचलनावर, १.६ गुणांचा फरक सिग्निफिकंट (पी ०.०५ च्या खाली) ठरला, कारण तिथे प्रत्येक गटात २०० जण होते. मग परिणाम कुणाचा मोठा?

तुमचा, निदान हाती आलेल्या आकड्यांवरून तरी.

४ गुण जास्त की कमी, हे नुसत्या ४ वरून कळत नाही. प्रमाण विचलन ८ असेल, तर एकाच गटातले कोणतेही दोन विद्यार्थी घेतले तरी त्यांच्यात सरासरी ९ गुणांचं अंतर निघतं. या पसाऱ्याच्या मानाने फरक केवढा, ते कोहेनचा डी सांगतो. तुमचा ४ भागिले ८, म्हणजे ०.५, त्यांचा १.६ भागिले ८, म्हणजे ०.२. डी ०.५ असताना सराव गटातले साधारण ६९ टक्के विद्यार्थी दुसऱ्या गटाच्या सरासरीपेक्षा कमी ताणात असतात. प्रबंधात हे वाक्य जरूर घाला, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

पी मात्र नमुन्याच्या आकारावरही हलतो. गट समान असतील तर टी (ज्यावरून पी काढतात तो आकडा) म्हणजे डी गुणिले (एका गटातली संख्या भागिले २) चं वर्गमूळ. तुमचा टी १.९४, सिग्निफिकंट ठरायला लागतो २.००. त्यांचा २.०, लागतो १.९७. एवढ्यावरच निकाल फिरला.

म्हणून ‘फरक आढळला नाही’ लिहू नका, पण ‘सराव उपयोगी ठरला’ हेही नको. तुमच्या डीचा ९५ टक्के विश्वासांतराल (खरा डी ज्या पट्ट्यात असू शकतो तो) साधारण −०.०१ ते १.०१ आहे. परिणाम जवळपास शून्य असू शकतो, खूप मोठाही असू शकतो. ३० जणांत यापेक्षा नेमकं सांगता येत नाही. अंतराल डीच्या शेजारीच छापा.

सर्वात जास्त घोळ होतो तो प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी (सरासरी नमुन्यागणिक किती हलेल त्याचं माप) यांत. तुमची प्रमाण त्रुटी ८ भागिले √३०, म्हणजे १.४६. चुकून तिने भागलं तर डी २.७ येतो. मानसशास्त्रात एवढा डी दिसला की आधी भाजक तपासा. आलेखांवरच्या त्रुटीरेषांचंही तेच : त्या कशाच्या आहेत हे खाली लिहिलेलं नसेल, तर त्यावरून पसारा ठरवू नका.

एकाच गटाची आधीची आणि नंतरची मोजणी असेल तर आणखी जपा. दोन मोजण्यांत सहसंबंध ०.८ असेल, तर फरकांचं प्रमाण विचलन ८ वरून ५.१ वर येतं आणि तोच ४ गुणांचा बदल ०.७९ दिसतो. चूक नाही, पण भाजक वेगळा आहे. स्वतंत्र गटांच्या डीशी त्याची तुलना करू नका.

छापून आलेल्या छोट्या अभ्यासांचे डी मात्र सावधपणे घ्या. गटात ३० जण असले की ०.५२ च्या खालचा डी सिग्निफिकंट होऊच शकत नाही. खरा परिणाम ०.३ असला, तरी सिग्निफिकंट म्हणून छापला जाणारा आकडा ०.५२ च्या वरचाच असणार. २०१५ साली मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचा अहवाल आला. त्यात परिणाम सरासरीने निम्म्यावर आले होते, त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं.

०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा ही कोहेनची ढोबळ पट्टी आहे, दुसरं काहीच हाताशी नसेल तेव्हाची. तुमच्या प्रश्नावलीवर ४ गुण कमी झाल्याने विद्यार्थ्याला प्रत्यक्षात काय फरक पडतो, ते लिहा.

पुढचा टप्पा करणार असाल, तर ०.५ चा परिणाम ८० टक्के शक्तीने (म्हणजे तो खरा असेल तर सापडण्याची शक्यता ८० टक्के) पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात, ०.२ साठी ३९४. तुमचा ०.५ आधीच फुगलेला असू शकतो, तेव्हा ०.३५ ते ०.४ धरूनच संख्या काढा. ०.४ ला प्रत्येक गटात साधारण १०० लागतील.