दशांशाचं खातं

“विश्वास गेला मॅडम, भीती मात्र गेली नाही. ती कधी जाते?”

मी समुपदेशक. धर्म सोडलेली किंवा नुसती त्यातून बाजूला झालेली माणसं हा प्रश्न मला या ना त्या शब्दांत विचारतातच. या वेळी विचारणारी चौतीस वर्षांची होती. ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी, लग्न नाही, दर शनिवारी ट्रान्स हार्बरची लोकल पकडून ठाण्याला माझ्याकडे यायची. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) मूळ नगरचं मराठी ख्रिस्ती घर, चार पिढ्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या समाजात. वडील वारलेले, आई नगरलाच.

चर्चला जाणं सुटून अकरा महिने झाले होते. भांडण वगैरे नव्हतं. तिच्या एका मैत्रिणीचा घटस्फोट झाला तेव्हा पाळकांनी तिला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीपासून, लांब राहायला सांगितलं होतं. हिला त्याचा राग आला, पण त्यानंतरही दोन वर्षं ती चर्चला जात राहिली. राग ओसरला. मग कधीतरी विश्वासही ओसरला. एका रविवारी भाकरीचा तुकडा हातात असताना तिच्या लक्षात आलं की आपण हे फक्त शेजारच्या बाकावरच्या काकूंना दिसावं म्हणून खातोय.

त्यानंतर गेली नाही. पण रविवार काही तिला सोडेना. शनिवारी रात्री हात आपोआप उद्याचा ड्रेस इस्त्रीला घ्यायचे. सकाळी साडेनऊला पोटात खड्डा, तळहात गार. आणि दुपारी एकला आईचा फोन: “आज वचन कुठलं होतं गं?”

या एका प्रश्नासाठी ती अकरा वाजता मोबाइलवर कुठल्यातरी मंडळीचं प्रवचन दीडपट वेगाने ऐकायची. अध्याय, ओवी, पाळकांनी दिलेला एखादा दाखला, सगळं चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चुंबकाखाली लावायची आणि फोन आला की त्यासमोर उभी राहून बोलायची. एकदा ती चिठ्ठी पर्समधून काढून तिने मला दाखवली. ‘लूक १५. हरवलेलं मेंढरू. ९९ ठेवून १ शोधायला जातो.’ खाली पेनने गिरवून गिरवून काळं केलेलं एक वाक्य होतं: मी हरवले नाही, मी निघाले.

दशांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग मंडळीला द्यायच्या नेमाचं, तिने बऱ्याच उशिरा सांगितलं, तेही खाली मान घालून. पगार बासष्ट हजार. जमा झाल्याचा मेसेज आला की डोक्यात आधी सहा हजार दोनशे वजा होतात, लहानपणापासूनची सवय. मंडळीला द्यायचे बंद केले, पण स्वतःवर खर्च करायची हिंमत होईना. म्हणून वेगळं खातं उघडलं. अकरा महिन्यांचे अडुसष्ट हजार दोनशे तिथे पडून होते. ना देवाचे, ना तिचे.

आता माझी चूक. दुसऱ्या भेटीत तिला मोकळं वाटावं म्हणून मी म्हणाले, “अहो, मी तरी कुठे देवळात जाते? वर्षं झाली.” ती माझ्याकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “मॅडम, तुमचं नाव देवळाच्या रजिस्टरातून कोणी कमी करतं का?”

मला खरंच सुचलं नव्हतं. माझ्यासारख्या हिंदू घरात वाढलेल्या बाईने देवळात जाणं बंद केलं तर ती फार तर ‘देवाधर्माचं काही करत नाही’. तिने काही सोडलं, असं कोणी म्हणत नाही. मंडळीत बाप्तिस्म्याची नोंद असते, दृढीकरणाची असते, लग्नाची असते आणि बहुतेकदा कबरीची जागाही त्याच दारातून मिळते. न जाण्याला तिथे नाव आहे. त्या दिवसापासून मी माझे दाखले आवरते घेतले.

तरी पुन्हा एकदा हुशारी केलीच. तिची आई घरात कविवर्य ना. वा. टिळकांची भजनं म्हणते, हे कळल्यावर मी तिला आठवण करून दिली की १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनीही १९१७ साली मिशन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत काढली. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ती हसली. “पण त्यांनी ख्रिस्त नव्हता सोडला, मॅडम.” बरोबर होतं तिचं.

“हा आजार आहे का?” हेही तिने विचारलं. इंटरनेटवर ‘रिलिजियस ट्रॉमा सिंड्रोम’ असं काहीतरी वाचून आली होती. मार्लिन विनेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मध्ये हा शब्द रूढ केला, पण निदानाच्या अधिकृत पुस्तकांत तो आजार म्हणून नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानाच्या पुस्तकात १९९४ पासून ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक अडचण’ अशी एक नोंद मात्र आहे. आजारांत न मोडणारी, तरी मदत मागण्याजोगी. तिला ही ‘अडचण’ फार आवडली. “नळाला पाणी नाही, तशी,” म्हणाली. (तीच प्रार्थना पन्नास वेळा म्हटल्याशिवाय घराबाहेर पडता येत नसेल, झोप उडाली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे.)

देव आहे की नाही हा प्रश्न मी हातात घेतला नाही. माझ्या खुर्चीत तो सुटत नाही. आम्ही हिशेब बघितला. रविवार चुकला की सोमवारी ती शिक्षा शोधायची: लोकल चुकली, साहेब ओरडले, दूध नासलं. मी म्हटलं, वहीत दुसरा रकानाही कर, नेमाने जात होतीस त्या वर्षांतल्या वाईट गोष्टींचा. तिने लिहायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला थांबली. वडिलांना झटका आला तो रविवार होता. सगळे प्रभुभोजन घेऊन नुकतेच घरी आले होते. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, आणि ते रडणं धर्माचं नव्हतं, वडिलांचं होतं. नऊ वर्षं ‘प्रभूची इच्छा’ म्हणून गिळलेलं.

पण भीतीच्या खाली आणखी एक थर निघाला, आणि माझ्या मते खरी गाठ तिथे होती. पणजोबा महारवाड्यातले. अमेरिकन मिशन १८३१ साली नगरला आलं. पुढे त्याच मिशनच्या शाळेत पणजोबा पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकले. घरात ही गोष्ट आरतीसारखी सांगितली जायची. हा शब्द माझा, ती ‘साक्ष’ म्हणायची. “मी देवाला फसवलं असं मला नाही वाटत. पणजोबांना फसवलं असं वाटतं.” यावर माझ्याकडे तोडगा नव्हता. मी एवढंच विचारलं, की गाव काय म्हणेल याची पर्वा न करता बापजाद्यांची वाट सोडणारा तुमच्या घरातला पहिला माणूस कोण? ती बराच वेळ खिडकीबाहेर रिक्षा स्टँडकडे बघत होती.

आईला सगळं सांगून टाकायचा आग्रह मी धरला नाही. ‘खरं वागायचं’ म्हणून एका रविवारी सगळं ओतून मोकळी झालेली आणि नंतर सहा महिने सावरत बसलेली माणसं मी पाहिलीत. आधी फक्त चिठ्ठी बंद करायची, एवढंच ठरलं.

तीन रविवारी तिने “आज नाही ऐकलं” असं सांगितलं. चौथ्या वेळी आईच म्हणाली, “तू जातच नाहीस ना? मागे सांगितलेलं प्रवचन मीही मोबाइलवर बघितलं होतं. दोन वर्षांपूर्वीचं होतं ते.” मग तीन आठवडे फोन नाही. मग फोन आला, तो एका प्रश्नासाठी: “मग तुझी माती कोण करणार?”

शनिवारी तिने तो प्रश्न जसाच्या तसा माझ्यासमोर ठेवला. मला उत्तर आलं नाही. लग्नाचं सांगता येतं, १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, पाळकांवाचून होतं. मातीचं काय सांगू? शेवटी तिनेच आईला सांगितलं, “माहीत नाही गं. तुझी मात्र मी मंडळीतच करीन, तुझ्या आवडीची भजनं म्हणून.” आई फोनवर रडली म्हणे, आणि मग भाऊ गॅसचा नंबर लावत नाही म्हणून तक्रार करत बसली.

रविवारचा खड्डा अजून पडतो, पण दहापर्यंत भरून येतो. भांडी घासताना ती आईची भजनं म्हणते. विश्वास नसताना चालतं का, असं आता विचारत नाही.

शेवटच्या भेटीला आली तेव्हा गाल सुजलेला होता. दोन वर्षं दुखणाऱ्या दाढेचं रूट कॅनल करून आली होती, कॅपसकट नऊ हजार. “कुठल्या खात्यातून, विचारा,” म्हणाली, आणि हसायला गेली तर दुखलं म्हणून गाल धरून बसली. बाकीचे पैसे अजून तसेच आहेत.