आजीच्या तेलाबद्दल

चि. सई,

"बाबा, हे ब्राह्मीचं तेल माझ्या झोपेसाठी आहे की आजीच्या समाधानासाठी?" काल फोनवर तू हसत विचारलंस आणि मी विषय बदलला. थोडं लागलं. असा प्रश्न तिला विचारायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

गुहागरला विहिरीच्या डोणीखाली कायम ओल असायची, तिथे ही ब्राह्मी पसरलेली असे. गोलसर, कातरलेल्या कडांची पानं. मे महिन्यात सुमनआत्या आली की ती आणि आजी मिळून पानं खुडायच्या, थोडा माका घालून पाट्यावर वाटायच्या आणि रस खोबरेलात टाकून कढई मंद आचेवर चढवायच्या. चरचर चालू आहे तोवर पाणी आहे, आवाज थांबला की तेल झालं. कान देऊन बसायचं काम माझं. एवढा जबाबदारीचा हुद्दा मला लीड्समध्ये अजून कोणी दिलेला नाही!

दहावीच्या वर्षी आजी रोज रात्री ते टाळूवर जिरवायची. अभ्यासाचं अवाक्षर नाही. कोणाची गाय व्याली, आंबा किती उतरला, दापोलीच्या काकांचं कशावरून बिनसलं, एवढंच. ऐकता ऐकता मला झोप लागायची. ती तेलामुळे की तिच्या बोटांमुळे, देव जाणे.

तू बायॉलॉजीवाली, म्हणून मीही वाचून काढलं. स्मरणशक्तीचे प्रयोग झाले ते बाकोपा नावाच्या ब्राह्मीवर. ती बारीक, जाडसर पानांची. रोज साधारण ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे पोटात दिल्यावर काही चाचण्यांमध्ये स्मरणात थोडी सुधारणा दिसली, काहींचं पोटही बिघडलं. डोक्याला चोळलेल्या तेलाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. शिवाय आपल्या डोणीखालची ब्राह्मी ती नव्हेच. तो कारिवणा, म्हणजे सेंटेला. तुझ्या महागड्या कोरियन 'सिका' क्रीममध्ये असतो तोच! (हे आजीला कळलं तर पुढच्या पार्सलमधून पाला येईल.)

ब्राह्मीच्या कॅप्सूल मात्र आपल्या मनाने घेऊ नकोस. झोपेच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्यांबरोबर तर नाहीच, आधी डॉक्टरांना विचार.

तेल लावच असा माझा आग्रह नाही. अभ्र्याला डाग पडतात, वास दोन दिवस जात नाही, आणि रूममेट काय म्हणेल हेही मला समजतं. लावलंस तर शनिवारी रात्री लाव, उशीवर जुना टॉवेल घाल. थंडीत बाटली गोठेल, ती गरम पाण्यात धर, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नकोस. रविवारी आजी विचारणारच. नसेल लावलं तर तसंच सांग, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. ती दोन मिनिटं रुसेल आणि मग जेवलीस का म्हणून विचारेल.

तुझा,
बाबा