नाट्यशिक्षण कुठे घ्यावं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मी बारावी झाले. अभिनय करायचा आहे. एकांकिकांत दरवर्षी नंबर काढणाऱ्या दादर-माटुंग्याच्या कॉलेजात बीएला जाऊ, की थेट नाट्यशास्त्राची पदवी घेऊ? (विद्यार्थिनी, डोंबिवली)

कॉलेजचं नाट्यमंडळ आणि नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम यांच्याकडून मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, हे आधी लक्षात घे. नाट्यमंडळाचा हंगाम युवा महोत्सवापासून सुरू होतो, मग आयएनटीसारख्या (इंडियन नॅशनल थिएटर) आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा येतात, आणि त्या वर्षी कुठेतरी पहिली आलेली एकांकिका नशीब असेल तर 25 जानेवारीच्या रात्री ‘सवाई’च्या, म्हणजे विजेत्या एकांकिकांच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीत उतरते. या धावपळीत मुलं परक्या रंगमंचावर मोजक्या मिनिटांत नेपथ्य लावायला शिकतात, प्रेक्षकांसमोर उभं राहायला शिकतात. हे शिक्षण खरंखुरं आहे. मात्र आवाजाची रोजची मेहनत, शरीराची तयारी, नाटकाचा इतिहास या गोष्टी तिथे कुणी बसून शिकवत नाही. शिवाय एकांकिका पाऊण तासात संपते. दोन अंकांत एक व्यक्तिरेखा शेवटपर्यंत पेलायला वेगळा दम लागतो.

बारावीनंतर लगेच पदवीच हवी असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाची कलिन्याची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या पदविकेलाही आधी पदवी लागते. त्यामुळे इतक्यात घर सोडायचं नसेल तर तीन वर्षं बीए, सोबत नाट्यमंडळ आणि मग कलिना किंवा दिल्ली, हा रस्ता चांगला आहे. बीएला मराठी किंवा मानसशास्त्र घे, दोन्ही पुढे उपयोगी पडतात.

कॉलेज ठरवण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार: एकांकिका कोण बसवतं? बाहेरून आणलेला दिग्दर्शक बक्षीस डोळ्यांसमोर ठेवून त्याच त्या तीन-चार चेहऱ्यांवर भर देत असेल, तर तुझी तीन वर्षं मॉबमध्ये (गर्दीच्या भूमिकांत) आणि लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) उचलण्यात जातील. बॅकस्टेज करण्यात कमीपणा काहीच नाही, पण पुढेही तेवढंच मिळणार असेल तर ते आधीच कळलेलं बरं. 75 टक्के हजेरीचं तालमीच्या दिवसांत कॉलेज काय करतं, हेही विचार.

अभ्यासक्रम बघायला जाणार आहे. नेमकं काय तपासू? (पदवीधर, ठाणे)

माहितीपत्रकावरचे प्रसिद्ध नटांचे फोटो आधी बाजूला ठेवा. वर्षातून एकदा येऊन दोन तास बोलणारा पाहुणा तुम्हाला नट करत नाही. रोज सकाळी वर्ग घेणारा शिक्षक करतो. म्हणून वेळापत्रक मागा आणि साधा भागाकार करा. आवाजाचा तास 60 मिनिटांचा आणि वर्गात 30 जण असतील, तर तुमच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. तेवढ्यात श्वास कुठे अडतोय हे कुणाला दिसणार? 12 ते 15 जणांच्या तुकड्या पाडत असतील तर शिकवणं शक्य आहे.

मग तालमीची जागा पाहा. जमीन लाकडी आहे का? सिमेंटवर बसवलेल्या लादीवर महिनोन् महिने उड्या आणि पडण्याचे व्यायाम केले की नडग्या आणि गुडघे बोलायला लागतात. छताकडेही बघा. चेहऱ्यावरचा प्रकाश साधारण 45 अंशांच्या कोनातून यावा लागतो. छत बुटकं असेल तर दिवे खाली येतात, नटांच्या सावल्या मागच्या फ्लॅटवर, म्हणजे नेपथ्याच्या भिंतीवर, पडतात आणि अशा जागेत प्रकाशयोजना शिकवणं म्हणजे नुसतं सांगणं होतं. दिव्यांचा बोर्ड कोण चालवतं ते विचारा. ‘आमचा ऑपरेटर आहे’ असं उत्तर आलं तर विद्यार्थ्यांना बोर्डाला हात लावू देत नाहीत, असं समजा. गेल्या निर्मितीची क्यूशीट, म्हणजे कुठला दिवा कधी लावायचा-विझवायचा याची यादी, दाखवा म्हणावं. विद्यार्थ्याच्या हातची, खाडाखोड केलेली क्यूशीट निघाली तर ती जागा कामाची आहे.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विद्यार्थ्यांचं नाटक पाहा, शेवटच्या रांगेत बसून. वाक्यांचे शेवट ऐकू येतात का? मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्याचं शेपूट गिळलं की अर्थच जातो. आवाजावर काम झालंय की नाही, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. नंतर श्रेयनामावली वाचा. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश, संगीत सगळीकडे बाहेरच्या व्यावसायिकांची नावं आणि विद्यार्थी फक्त भूमिकांत असतील, तर प्रयोग देखणा होईल, शिक्षण अर्धंच होईल. त्या नाटकाचे प्रयोग किती झाले तेही विचारा. एकच प्रयोग करून सेट मोडला तर चूक सुधारायची संधी कुणालाच मिळत नाही. तीन-चार तरी हवेत.

मला नट व्हायचं नाही, प्रकाशयोजना करायची आहे. (विद्यार्थी, गिरगाव)

प्रवेशाआधी एकच प्रश्न विचार: शेवटच्या वर्षात मला एका पूर्ण नाटकाची प्रकाशयोजना स्वतंत्रपणे करायला मिळेल का? नाही म्हणाले तर पदवीसोबत व्यावसायिक नाटकाच्या बॅकस्टेजला लाग. दादरच्या शिवाजी मंदिरला दुपारी एक प्रयोग आणि पार्ल्याच्या दीनानाथला रात्री दुसरा असला की मधल्या वेळेत तेच दिवे वेगळ्या रंगमंचावर पुन्हा कसे जुळवतात, हे पाहायला मिळतं. ते वर्गात शिकवता येत नाही.

मुलगी नाटक शिकायचं म्हणते. फी, नोकरी आणि रात्रीच्या तालमी या तिन्हींची काळजी वाटते. (पालक, कांदिवली)

तुमची काळजी रास्त आहे. प्रमाणपत्र कोण देतं ते आधी पाहा. खासगी संस्थेची पदविका ही विद्यापीठाची पदवी नसते. पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकी करायची तर हा फरक आडवा येतो. फीमध्ये वेशभूषा आणि नेपथ्याचा खर्च धरला आहे का, हे लेखी घ्या. अनेकदा ऐन निर्मितीच्या वेळी वर्गणी निघते.

नोकरीबद्दल विचारताना गाजलेल्या दोन नावांवर समाधान मानू नका. तीन वर्षांपूर्वीच्या अख्ख्या तुकडीतलं कोण काय करतंय ते विचारा. मालिका, डबिंग, शाळांतलं नाट्यशिक्षण, प्रकाश आणि ध्वनी अशी कामं सापडतील. व्यावसायिक नाटकात पैसे नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळतात. प्रयोग नसलेल्या महिन्यात हात रिकामे, हे तिलाही आत्ताच माहीत हवं.

रात्रीचं म्हणाल तर तालीम किती वाजता संपते आणि उशीर झाला तर संस्था काय सोय करते, हे तिच्यासमोरच विचारा. ती कलिन्याला शिकणार असेल तर तिथून आधी सांताक्रूझ किंवा कुर्ला स्टेशन गाठावं लागतं, मग गाडी. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती कायद्याने बंधनकारक आहे. सदस्यांची नावं फलकावर लावलेली आहेत का, ते स्वतः पाहा. नाटकात शरीराने जवळ येऊन काम करावं लागतं, त्यामुळे अशा प्रसंगांची तालीम कशी घेतात आणि विद्यार्थ्याला ‘नको’ म्हणता येतं का, हेही शिक्षकांना विचारा. चांगले शिक्षक या प्रश्नाला न चिडता, तपशिलात उत्तर देतात.