सर्जिओ कॉन्सेसांव खेळाडू म्हणून मोठा की प्रशिक्षक म्हणून?

इटलीच्या मिलान क्लबनं ज्या पोर्तुगीज फुटबॉल प्रशिक्षकाच्या हातात पाच महिन्यांत नारळ दिला, त्या माणसाचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्ही विचाराल. माझं मत आधीच सांगून टाकतो: प्रशिक्षक म्हणून तो कितीतरी मोठा आहे. पण त्याचं प्रशिक्षण कळायला त्याचा खेळ आठवावा लागतो.

20 जून 2000, युरो म्हणजे युरोपीय देशांची स्पर्धा, रॉटरडॅम. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती आणि मी खरं तर जर्मनीसाठी जागा होतो. पोर्तुगालची पुढची फेरी आधीच पक्की झालेली, म्हणून फिगोसकट मोठी मंडळी बाकावर. राखीव गड्यांच्या त्या संघात उजव्या बगलेवर कॉन्सेसांव होता. (आडनाव गोव्यात सर्रास ऐकू येतं, त्यामुळे लक्षात राहिलं.) समोर गोलात जर्मनीचा ऑलिव्हर कान. या पठ्ठ्यानं एकट्यानं तीन गोल मारले, 3-0, आणि गतविजेते गटातच गारद.

एवढं करूनही तो कधी पहिल्या रांगेतला तारा झाला नाही. फिगो, रुई कोस्टा ही युवा विश्वचषक जिंकलेली लाडकी पिढी. हा तिच्यातला नव्हे. कोइंब्राकडचा गरीब घरचा मुलगा. सोळाव्या वर्षी वडील मोटरसायकलच्या अपघातात गेले आणि थोड्याच काळात आईही. इटलीच्या लाझिओ क्लबकडून 1999 चा युरोपीय कप विनर्स कप आणि 2000 ची इटालियन लीग जिंकली, आणि त्याच उन्हाळ्यात पार्माच्या क्रेस्पोला आणायच्या सौद्यात क्लबनं याला वरच्या सुट्ट्या पैशांसारखा पार्माला देऊन टाकला! पुढे इंटर, पुन्हा लाझिओ, पोर्तो, मग बेल्जियममध्ये स्टँडर्ड लिएज. तिथं सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा गोल्डन शू 2005 साठी मिळाला. देशासाठी 56 सामने, 12 गोल. कारकीर्द चांगलीच, पण पुतळे उभारण्याएवढी नाही.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात ओल्यानेन्से, अकादेमिका अशा छोट्या क्लबांपासून. 2015 ची पोर्तुगीज कप फायनल आठवली की मला आजही हळहळ वाटते. याचा संघ ब्रागा 2-0 नं पुढे, समोर दहाच गडी उरलेला स्पोर्टिंग. तरी शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी झाली आणि पेनल्टीवर सामना हातून गेला. मग फ्रान्समध्ये नांत. हातात घेतला तेव्हा संघ 19 वा होता, हंगाम संपला तेव्हा 7 वा.

खरी गंमत पोर्तोत, 2017 पासून. क्लबच्या तिजोरीत खडखडाट, युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेची खर्चावर नजर, आणि प्रतिस्पर्धी बेन्फिका सलग पाचव्या विजेतेपदाच्या तयारीत. नवे खेळाडू घेता येईनात, तेव्हा यानं उधारीवर बाहेर पाठवलेलेच परत बोलावले. मारेगा त्यातलाच, क्लबला जवळजवळ नकोसा झालेला. त्यानं लीगमध्ये 22 गोल केले आणि पोर्तो 88 गुणांसह विजेता. स्वतः सुट्टे पैसे म्हणून दिला गेलेल्या माणसाला अशा खेळाडूंची किंमत कळते, असं मला वाटतं.

2021-22 मध्ये तर हंगामाच्या मध्यावर लुइस दियाझ लिव्हरपूलला विकला गेला. तरीही 91 गुण, आणि विजेतेपद पक्कं झालं ते बेन्फिकाच्याच मैदानावर, भरपाई वेळेतल्या झायदूच्या गोलनं. सात वर्षांत तीन लीग, चार कप, एकूण 11 करंडक. त्याचा संघ दिसायला सुंदर नसायचा. धावायचा, भिडायचा, चेंडू गेला की लगेच तुटून पडायचा. 2021 मध्ये तुरिनला पोर्तोचा तारेमी लाल कार्ड घेऊन गेल्यावर दहा जणांनी रोनाल्डोच्या युव्हेंटसला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, तो सामना जरूर बघा. स्वभाव मात्र जहाल. पंचांशी वाद आणि लाल कार्डं याची यादी वेगळी काढावी लागेल, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही.

आता मिलान. 30 डिसेंबर 2024 ला आला, आठवड्याभरात रियाधला इंटरविरुद्ध 0-2 वरून 3-2 नं इटलीचा सुपर कप जिंकला. (इंटरचा दुसरा गोल कुणाचा? त्याच तारेमीचा.) ड्रेसिंग रूममध्ये तोंडात सिगार धरून नाचला. पुढे इटालियन कपच्या फायनलला बोलोन्यानं हरवलं, लीगमध्ये संघ आठवा, मे महिन्यात हकालपट्टी. हंगामाच्या मध्यावर येऊन त्याची पद्धत अंगवळणी पडायला वेळ पुरत नाही, हे माझं निदान. नांतमध्ये जमलं होतं, पण तिथं मिलानएवढे नखरे नव्हते.

त्या हकालपट्टीनंतर आठवडाही झाला नव्हता. 4 जून 2025, म्युनिक, युरोपीय देशांच्या नेशन्स लीगची उपांत्य फेरी, जर्मनी 1-0 नं पुढे. पोर्तुगालनं बदली म्हणून फ्रान्सिस्को कॉन्सेसांवला उतरवलं, म्हणजे याचा मुलगा, काही काळ याच्याच हाताखाली पोर्तोत खेळलेला. उजवीकडून आत आला आणि डाव्या पायानं लांबून बरोबरीचा गोल मारला. पुढे रोनाल्डोनं 2-1 केलं. पोर्तुगालनं जर्मनीला त्याआधी हरवलं होतं ते थेट रॉटरडॅमच्या त्या रात्री.